ओढ्याच्या अलीकडची सिस्टर

मराठवाड्यात कुठे पाणी शिरलं किंवा जमीन हादरली की तासाभरात बातमी येते: एनडीआरएफचं पथक रवाना. ते निघतं बहुधा पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून, कारण त्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ तिथे आहे. राज्याच्या स्वतःच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे तळ धुळ्याला आणि नागपूरला. पावसाळ्यात एखादी तुकडी आधीच इकडे आणून ठेवली, तरी मुखेडच्या टोकाच्या गावात किंवा परंड्याच्या सीनाकाठी ती पोचेपर्यंत रात्र सरलेली असते. या मधल्या वेळात गावात असतं कोण? सरपंच, पोलीस पाटील, जेसीबीवाला, पोहता येणारी चार पोरं. आणि असलीच तर उपकेंद्राची आरोग्य सेविका, जिला सगळं गाव सिस्टर म्हणतं.

या सिस्टरला आपत्तीचं प्रशिक्षण द्यावं, याला कुणाचाच विरोध नसतो. त्यामुळेच ते नीट होत नाही. ज्या गोष्टीवर वाद नाही तिच्याकडे कुणी निरखून पाहतही नाही. एक परिपत्रक निघतं, एक दिवस ठरतो, सह्या होतात. माझं म्हणणं असं आहे की पूर आलेल्या रात्री, मोबाइलचा टॉवर बंद असताना, कुणालाही न विचारता सिस्टरनं काय काय करायचं, हे आधी लिहून, वरच्या साहेबाची सही घेऊन आणि तिच्या हातून पुन्हा पुन्हा करून घेतलं पाहिजे. तसं होणार नसेल तर प्रशिक्षणाचे दिवस वाढवून उपयोग नाही.

कागदावर आपली आरोग्ययंत्रणा चांगली आखलेली आहे. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी), हजारामागे एक आशा. आता बऱ्याच उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. राज्यभरात ९३७ गाड्यांनी ती सेवा सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण ही सगळी आखणी रस्ता चालू आहे असं धरून केलेली आहे. पेशंट खालून वर जाईल, उपकेंद्रातून पीएचसीला, तिथून ग्रामीण रुग्णालयाला, तिथून जिल्ह्याला. ‘रेफर’ हा या यंत्रणेचा कणा आहे. पुलावरून पाणी गेलं की पहिल्यांदा तोच मोडतो. १०८ ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबते, ड्रायव्हर बॅटरी मारून दाखवतो, आणि अलीकडे सिस्टर, पेशंट नि नातेवाईक.

हे कधीतरी घडणारं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावं रातोरात पाण्यात गेली, लष्कराला बोलवावं लागलं. महिनाभरात सीना आणि मांजरा अशा फुगल्या की धाराशिवमध्ये भूम-परंड्याची माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. याच मराठवाड्यातल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात पुराची तयारी कुणी करत नाही, आणि पुराच्या वर्षी दुष्काळाची आठवण कुणी काढत नाही. पण सिस्टर तीच असते. टँकरच्या पाण्यानं जुलाब झालेली पोरंही तिच्याच ओट्यावर येतात आणि पुराच्या पाण्यात साप चावलेला सालगडीही.

किल्लारीबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपलेली. ६.२ तीव्रतेचा धक्का जगाच्या मानानं फार मोठा नव्हे. पण औसा-उमरग्याच्या त्या पट्ट्यातली घरं माळवदाची होती. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर तुळया, आणि तुळयांवर मातीचा थर, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून जाड होत गेलेला. हे सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. सरकारी हिशेबानंच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जी जिवंत निघाली त्यातली बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पहिल्या काही तासांत हातांनी उकरून काढलेली होती. जगातल्या जवळपास प्रत्येक भूकंपात असंच होतं. पथकं येतात तोवर वाचणारे बहुतेक वाचलेले असतात आणि बाकीचे गेलेले.

त्या पहिल्या तासांत परिचारिकेला एक गोष्ट माहीत असली तर किती फरक पडतो पाहा. एखाद्याचा पाय चार-पाच तास तुळईखाली चेंगरलेला आहे. वरचं ओझं काढलं की तो वाचला, असं कुणालाही वाटेल. पण चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम ओझं निघताच रक्तात उतरतं, हृदयाचा ठोका चुकतो, आणि त्यातून तरला तर एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. बोलत-चालत बाहेर निघालेला माणूस थोड्याच वेळात दगावतो आणि घरचे म्हणतात, धसका घेतला. उपाय महागडा नाही. दगड हलवण्याआधी मोकळ्या हाताला सलाईन लावायचं, मग ओझं काढायचं, नंतर लघवी होते का आणि तिचा रंग कसा आहे यावर लक्ष ठेवायचं. यातली सुई टोचायला सर्जन लागत नाही. मात्र ‘थांबा, आधी सलाईन, मग दगड’ असं वीस घाबरलेल्या पुरुषांना ठणकावून सांगणारी बाई लागते, आणि तिचं ऐकलं जाईल एवढी गावात तिची पत लागते. ही पत कुठल्याही बाहेरच्या पथकाकडे नसते. सिस्टरकडे असते, कारण त्या वीसांतल्या निम्म्यांच्या लेकरांना तिनंच डोस दिलेले असतात.

किल्लारीनंतर साडेपंधरा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. तिथे सहा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आपण काय केलं आणि त्यांनी काय केलं, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. आपण घरं बांधली. बावन्न गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला, आणि ते काम लहान नव्हतं. सास्तूरला रुग्णालयही उभं राहिलं. जपाननंही घरं बांधलीच. पण तिथल्या परिचारिकांनी १९९८ मध्ये आपत्तीतल्या परिचर्येसाठी स्वतःची राष्ट्रीय संस्था काढली, अनुभव लिहून काढले, तो विषय विद्यापीठात नेला. तात्पुरत्या निवाऱ्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं कुणाला पत्ता न लागता मरत होती, तेव्हा या बाया दारोदार जाऊ लागल्या. पुढे आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २००९ मध्ये, आणि सुधारून २०१९ मध्ये, आपत्तीत परिचारिकेला काय काय यायला हवं याची चौकट तयार केली. त्यातली पहिली पायरी तज्ज्ञांसाठी नाही. नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या प्रत्येकीसाठी आहे.

आमच्या सिस्टरला ती चौकट पाठ नसली तरी काही बिघडत नाही. पण औशाच्या नर्सला किल्लारीच्या पहाटे आरोग्य कर्मचाऱ्यांनी काय केलं, काय चुकलं, काय उरलं, हे कुणी सांगत नसेल तर ते लाजिरवाणं आहे. १९९३ मध्ये ऐन उमेदीत ज्या सेविका तिथे राबल्या त्या आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांना अजून तरी प्रशिक्षणाला बोलावता येतं. आणि भूकंप इतिहासजमा झाला असं मानायचंही कारण नाही. वसमतच्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात, लोकांना त्याची सवय झाली आहे; १० जुलै २०२४ ला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

आता एक अशी आपत्ती, जिला आपण आपत्ती म्हणतच नाही, कारण ती एका वेळी एक-दोन माणसं मारते. वीज. एप्रिल-मेचा वळीव, मृगाचा पहिला पाऊस आणि पुढे सोयाबीन काढणीच्या दिवसांतला परतीचा पाऊस, असे तिचे हंगाम ठरलेले आहेत. आभाळ भरून येतं, काढणीच्या बाया लिंबाखाली धावतात, वीज झाडावर पडते. चौघी आडव्या होतात. दोघी ओरडतायत, एकीला हात हलवता येत नाही, एक गप्प पडली आहे. गर्दी कुणाकडे धावते? ओरडणाऱ्यांकडे. आणि नेहमीच्या अपघातात पुष्कळ जखमी असतील तर शिकवलेलं तंत्रही तेच सांगतं: ज्याचा श्वास थांबला आहे त्याच्यावर वेळ घालवू नका, जे वाचू शकतात त्यांना आधी पाहा. विजेच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. ओरडणारी माणसं बहुधा जगतात. गप्प पडलेलीचं हृदय झटक्यानं थांबलेलं असतं; ते पुष्कळदा आपणहून सुरू होतं, पण श्वास त्याच्यानंतरही बराच वेळ बंद राहतो आणि तेवढ्यात ती जाते. म्हणून आधी तिच्याकडे जायचं. छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या लयीत दाब, मधे मधे तोंडानं श्वास. तिच्या अंगात करंट नसतो, हात लावायला घाबरायचं कारण नाही.

हे ज्ञान बांधावर पोचवायला हेलिकॉप्टर लागत नाही. सिस्टरनं आशाताईला शिकवावं, आशाताईनं मुकादमिणीला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, ते वीज कुठे पडू शकते हे थोडा वेळ आधी सांगतं. पण शेतात मोबाइल असतो नवऱ्याच्या खिशात आणि काढणी करत असते बायको. ॲप काढणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं असेल की नाही कोण जाणे; सिस्टरला ते आपोआप कळतं.

माझ्या मते सिस्टरकडचं सगळ्यात मोठं हत्यार मात्र औषधाच्या कपाटात नाही, टेबलावर आहे. तिचं रजिस्टर. गावातली कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कुणाचं आधीचं सिझर आहे, कुणाचं हिमोग्लोबिन सातवर आलंय, कुणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, कोण इन्सुलिनवर आहे, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, हे एका जागी लिहिलेलं असतं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात बोटी किती, लाइफ जॅकेट किती, निवारा म्हणून कोणत्या शाळा, हे सगळं असतं. ही माणसं नसतात. मे संपता संपता सिस्टरनं रजिस्टरातून एकच पान काढावं. जून ते ऑक्टोबर या काळात तारीख असलेल्या बायका, वस्तीवार. त्यातल्या कोणत्या वस्त्या, तांडे, आखाडे ओढ्याच्या पलीकडे आहेत त्यांच्यापुढे खूण. त्या बायकांना तारखेच्या आठ-दहा दिवस आधी अलीकडे आणायचं, नातेवाइकाकडे किंवा पीएचसीत. इन्सुलिनवाल्यांकडे पंधरा दिवसांचा साठा आहे का ते बघायचं. या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलला. पाणी आल्यावर बोट कुठे आधी पाठवायची हे मग तहसीलदाराला आमदाराच्या फोनवरून ठरवावं लागणार नाही.

हे पान काही ठिकाणी कामाची सिस्टर आपल्यापुरतं काढतेच. वहीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं. तिला कुणी सांगितलेलं नसतं आणि ते कुणी मागतही नाही. ती बदलून गेली की वही तिच्याबरोबर जाते. (ऊसतोडीच्या हंगामात याच रजिस्टराची गंमत होते. दिवाळीनंतर बीड-धाराशिवची घरंच्या घरं फडावर जातात. नावं इथे, पोटुशी बाई कारखान्याच्या कोप्यात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

पूर ओसरल्यावरचं काम कॅमेऱ्याला दिसत नाही, पण आजार तेव्हाच येतात. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायची ओटी टेस्ट कशी करायची, हे सेविका-सेवकांना येतं. ती पावडर ओल धरून मेलेली नाही ना, हे बघायची सवय लावावी लागेल. चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोच्या तापापासून (लेप्टोस्पायरोसिस) जपणं, छावणीतल्या पोरांना गोवराचा डोस आणि अ जीवनसत्त्व, वीज गेल्यावर लशींच्या फ्रीजचं (आयएलआर) झाकण सारखं न उघडणं, ही यादी मोठी आहे आणि त्यातलं बरंच तिला आधीच माहीत असतं. एक गोष्ट सहसा माहीत नसते. मदतीच्या ट्रकमधून दूध पावडरीचे डबे येतात. शहरातल्या चांगल्या मनाच्या माणसांनी दिलेले. छावणीत अंगावर पाजणाऱ्या आईला कुणीतरी डबा देतं, घाण पाण्यात पावडर कालवली जाते, बाटली धुतली जात नाही, आणि दोन दिवसांत लेकरू जुलाबानं सुकून जातं. तान्ह्या मुलांसाठी पावडर अशी वाटण्यावर १९९२ च्या कायद्यानं निर्बंध आहेत. पण ट्रकवर नेत्याचा फोटो असताना ‘हे डबे वाटू नका’ असं सिस्टर कुणाच्या जोरावर म्हणणार?

पुन्हा अधिकारापाशीच आलो. आजचं प्रशिक्षण कसं होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तालुक्याचं सभागृह, पन्नास-साठ जणी, पंखे वाजतायत. प्रोजेक्टरवर आपत्तीची व्याख्या, मग आपत्तीचे प्रकार, मग बाणांनी जोडलेलं आपत्ती व्यवस्थापनाचं चक्र. त्सुनामीचीही एक स्लाइड असते, परभणीत. छाती दाबायच्या सरावाचा (सीपीआर) पुतळा एकच, त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. साहेब पुढे येऊन चार दाब देतात, फोटो होतो. दुपारी जेवण, मग शेवटची चाचणी, मग ग्रुपवर फोटो. संध्याकाळच्या एसटीसाठी चारलाच चुळबुळ सुरू. यात शिकवणाऱ्यांचा दोष फार नाही, त्यांनाही हे असंच वरून मिळालेलं असतं. पण अशा दिवसानंतर एखादीच्या हातात नवीन काही आलं असेल, असं मला वाटत नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावच्या स्वयंसेवकाला बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, दोर-बोट-स्ट्रेचर हाताळून. ज्या पोराला बारा दिवस मिळतात त्यानं काढलेला पेशंट ज्या बाईच्या हातात द्यायचा, तिला एक दिवस.

आधी शिकवण्याची जागा बदला. सभागृहाऐवजी ओढ्याकाठी, रोहिणी संपून मृग लागण्याच्या आधी, पीएचसीच्या हद्दीतल्या सगळ्या सेविका, सेवक, आशा आणि त्याच गावांतले आपदा मित्र, पोलीस पाटील, कोतवाल आणि जेसीबीवाला. (प्रत्येक आपत्तीत पहिला येतो तो जेसीबीवाला. त्याला चेंगरलेल्या माणसाबद्दल दहा मिनिटं सांगितलं तरी पुष्कळ.) पाणी भरलंय असं समजून खाट कशी उचलायची, बॅटरीच्या उजेडात डिलिव्हरी कशी करायची, उष्माघातानं पडलेल्याला आधी ओलं करून गार करायचं आणि मगच गाडीत घालायचं, हे करून बघितल्याशिवाय हातात बसत नाही. अडाणी म्हणवणाऱ्या बायकांनाही हे शिकवता येतं का, असं विचारणाऱ्यांनी बीडच्या सीमेवर जामखेडला जाऊन यावं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे अक्षरओळख नसलेल्या बायांकडून गावाचं आरोग्य सांभाळून घेतलं. आपल्याकडे अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं ‘भारतवैद्य’ घडवल्या त्याही शेतात राबणाऱ्या बायाच. आमच्या सिस्टर तर कोर्स करून, कौन्सिलची नोंदणी घेऊन आलेल्या आहेत.

त्यानंतर लेखी आदेश. संपर्क तुटला असेल तर सेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी अमुक इंजेक्शन देईल, अमुक सलाईन लावेल, शाळेचं कुलूप तोडून ती निवारा म्हणून ताब्यात घेईल, ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर मागेल, ट्रकमधले डबे थांबवेल, आणि यासाठी तिला नंतर खुलासा मागितला जाणार नाही. डॉक्टर मंडळी इथे भुवया उंचावतील. सर्पदंशाचं प्रतिविष उपकेंद्रात द्यावं, असं मीही म्हणत नाही. त्याची रिअॅक्शन सांभाळणं सोपं नाही, आणि पुराच्या रात्री बोट आधी त्या पेशंटसाठीच पाठवली पाहिजे. पण तत्त्व नवं नाही. अकाली प्रसूतीची लक्षणं असलेल्या बाईला रेफर करण्याआधी डेक्सामेथासोन देणं, आजारी नवजात बाळाला जेंटामायसिनचा पहिला डोस देणं, ही मुभा सरकारनंच एएनएमना, म्हणजे या सिस्टरनाच, दिलेली आहे. बाळ-बाळंतिणीसाठी जो विश्वास दाखवता येतो, तो पुराच्या रात्रीसाठी का नाही?

आता सुरुवातीच्या ‘असलीच तर’कडे. मुख्यालयी राहण्याचा प्रश्न. सिस्टर गावात राहत नाही, तालुक्याहून अप-डाऊन करते, ही ग्रामसभेतली सगळ्यात जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. ओढ्याला पाणी आलं त्या रात्री ती पलीकडे असेल तर या लेखातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नाही. पण उपकेंद्रामागचं निवासस्थान जाऊन पाहा. छत गळतंय, मोरीला पाणी नाही, दाराची कडी आतून लागत नाही, शेजारी वस्ती नाही, संध्याकाळनंतर पारावर पिणारे. अशा खोलीत एकट्या बाईनं लहान पोर घेऊन राहावं असा आदेश काढणारे स्वतः कुठे राहतात? घरभाडे भत्ता कापण्याची धमकी दरवर्षी निघते, खोलीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मात्र फायलीतच राहतं. निदान पुराच्या पट्ट्यातल्या उपकेंद्रांपुरतं तरी जून ते ऑक्टोबर हे चार-पाच महिने धरून निवासस्थान आधी राहण्याजोगं करावं आणि मगच मुख्यालयाची सक्ती करावी. उलट क्रमानं ती कधी यशस्वी झालेली नाही.

‘आधीच तिच्यावर कामाचा डोंगर, त्यात हे आणखी’ असा एक आक्षेप संघटनांकडून येतो. मला तो मान्य आहे. लसीकरण, कुटुंबकल्याण, एनसीडी म्हणजे बीपी-शुगरसारखे आजार, टीबी, कुष्ठरोग, प्रत्येकाचं ॲप आणि प्रत्येकाची वही. म्हणूनच आपत्तीचं नवं रजिस्टर, नवं पोर्टल काढू नये, ही माझी पहिली विनंती. आणि हे काम देताना जुनं काहीतरी काढून घ्यावं; एकच माहिती तीन ठिकाणी भरायचं बंद केलं तरी वर्षाला कितीतरी दिवस सुटतील. शिवाय पूर तिच्याही घरात शिरतो, तिचंही लेकरू पाण्यात असतं, हे आदेश काढणारे विसरतात. कोविडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचं विमाकवच केंद्रानं दिलं होतं, त्यात आशाही होत्या. आपत्तीत कामावर असलेल्या कायम, कंत्राटी आणि मानधनावरच्या सगळ्यांना तसंच कवच द्यायला कायद्याची काही आडकाठी नाही.

पैशाचं कारण तर सांगूच नये. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवून दिली, तिच्यात दहा टक्के रक्कम पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी ठेवली होती. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासायला सांगितला आहे. लागणारं सामान म्हणजे सलाईनच्या बाटल्या, सुया, प्रसूतीचा संच, श्वास द्यायची ॲम्बू बॅग, चांगली बॅटरी, ओआरएस, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि पाण्यात न भिजणारी एक पेटी. जिल्हा नियोजन समितीच्या एखाद्या सभामंडपाच्या पैशात एका तालुक्याच्या पेट्या भरतील.

दर मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. पाटबंधारे, महावितरण, बांधकाम, पोलीस, जिल्हा आरोग्य अधिकारी, सगळे आपापली फाइल घेऊन बसतात. नदीकाठच्या उपकेंद्रांतल्या दोन-तीन सिस्टरना त्या बैठकीला बोलवावं, मागच्या खुर्चीवर नव्हे, टेबलाशी. आणि पाटबंधारेच्या अभियंत्याला त्यांना एवढंच विचारू द्यावं: साहेब, धरणाचे दरवाजे उघडायचे ठरल्यापासून माझ्या गावात पाणी यायला किती तास, आणि त्यातला पहिला फोन मला कोण करणार? उत्तर इतिवृत्तात नाव आणि मोबाइल नंबरासह लिहून घ्यावं.